संतांचं नवं-जुनं

जिल्हा बँकेत ३४ वर्षं शेतीकर्जाच्या फायली उपसून निवृत्त झालो, तेव्हा बायकोला शब्द दिला होता की यापुढे मार्च महिन्यात घरात हिशेबाचा विषय काढणार नाही. २०२५च्या फेब्रुवारीअखेर आम्ही दोघं चिरंजीवांकडे न्यू ऑर्लिन्सला पोचलो. तिसऱ्याच रात्री पानावर बसल्या बसल्या चिरंजीव सुस्कारा टाकून म्हणाले, "बाबा, आपण मर्यादेच्या कोट्यवधी डॉलर वर आहोत."

माझा घास हातातच राहिला. "घराचा हप्ता थकला का रे?"

"घर नाही हो. सेंट्स!"

सेंट्स हा गावचा अमेरिकन फुटबॉलचा संघ. त्याची घोषणा १ नोव्हेंबर १९६६ रोजी, ख्रिस्ती लोकांच्या सर्व संतांच्या सणाला झाली, म्हणून हे नाव. लंबगोल चेंडू काखोटीला मारून एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवा पाडायचा, यापलीकडे तो खेळ मला आजतागायत कळलेला नाही. पण त्याची खतावणी मात्र पाच मिनिटांत कळली.

लीगमधल्या ३२ही संघांना खेळाडूंच्या पगाराची एकच कमाल मर्यादा असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. २०२५साठी ती होती २७ कोटी ९२ लाख डॉलर. लीगचं नवं वर्ष मार्चच्या मध्याला लागतं आणि त्या घटकेला प्रत्येक संघाचा हिशेब मर्यादेत बसलाच पाहिजे.

"म्हणजे मार्च एंड!" मी नकळत ओरडलो. बायकोनं वरणाचा डाव जोरात आपटला.

मग चिरंजीवांनी युक्ती सांगितली. खेळाडूचा यंदाचा पगार नावापुरता ठेवायचा. उरलेली रक्कम बोनस म्हणून आजच त्याच्या हातावर ठेवायची, पण वहीत मात्र ती पाच वर्षांपर्यंत वाटून लिहायची. करारात तेवढी वर्षं उरली नसतील तर कागदावर जोडून घ्यायची. त्या वर्षांत गडी मैदानात नसणार, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असतं.

मला भडभडून आलं. परमुलखात अचानक गाववाला भेटावा तसं वाटलं. हे तर आमचं नवं-जुनं! ३१ मार्चच्या आत शेतकऱ्यानं कुठूनतरी हातउसने आणायचे, जुनं पीककर्ज भरायचं, दुसऱ्या दिवशी नवं उचलायचं आणि हातउसने फेडायचे. कागदोपत्री कर्ज फिटतं, प्रत्यक्षात ते फक्त कूस बदलतं. २००२पासून सेंट्सचा कारभार पाहणारे मिकी लूमिस या विद्येत इतके वाकबगार, की २०२१ साली संघ सुमारे १० कोटी डॉलरनं वर होता आणि कोविडमुळे कॅपच १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर घसरली होती, तरी त्यांनी मुदतीत वही जुळवली. आमच्या विकास सोसायटीच्या सचिवानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

"पण एवढं कर्ज काढलंच कशाला?" बायकोनं विचारलं. शब्द तिनंच मोडला, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

उत्तर होतं ड्रू ब्रीझ. २००५मध्ये कट्रीना वादळानं शहर बुडालं, २००६मध्ये हा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा संघाचा म्होरक्या, आला आणि फेब्रुवारी २०१०मध्ये संघानं पहिलंवहिलं सुपर बोल, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, जिंकलं, ३१–१७. असा खिल्लारी दावणीला असला की माणूस दरसाल म्हणतो, यंदा अजून थोडं कर्ज काढू, पीक येईलच. पीक काही पुन्हा आलं नाही. ब्रीझ २०२१मध्ये निवृत्त झाला, पण त्याचा बोजा वहीवर राहिला. अशा रकमेला तिकडे डेड मनी म्हणतात. आमच्याकडे म्हणतो, बैल मेला, हप्ता जिवंत.

मला नवल एकाच गोष्टीचं वाटलं. आमच्या तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. या संतांच्या दाराशी एवढी थोरली मिसिसिपी वाहते आणि हे खतं दरवर्षी जपून पुढे नेतात!

शेजारचे आजोबा पन्नास वर्षांचे भक्त. १९८०मध्ये संघ १६पैकी १५ सामने हरला, तेव्हा लोक लाजेनं डोक्यात कागदी पिशव्या घालून स्टेडियमात बसत. आजोबांनी आपली पिशवी अजून घडी घालून ठेवली आहे. पुन्हा लागेल म्हणून. पण मार्चमध्ये वही जुळली की हेच आजोबा अंगणात क्रॉफिश उकळायला घालतात आणि म्हणतात, "पुढच्या वर्षी कॅप वाढेल, सगळं फिटेल." पुढच्या वर्षी पाऊस चांगला होईल, हे वाक्य इंग्रजीत मी प्रथमच ऐकलं.

त्या मार्चमध्ये क्वार्टरबॅक डेरेक कारचं नवं-जुनं झालं. २०२३मध्ये त्याच्याशी चार वर्षांचा १५ कोटी डॉलरचा करार केला होता. आता त्याच्या पगाराचा मोठा भाग बोनस करून पुढे ढकलला. चिरंजीव खूश. एप्रिलच्या निवडीत संघानं टायलर शॉ की शॉघ असा काहीतरी दिसणारा नवा क्वार्टरबॅक घेतला. उच्चार विचारला तर म्हणे, "शक". पाडव्याला शके १९४७ लागलंच होतं, आता संघालाही नवा शक लागला. चिरंजीव आणखी खूश.

१० मे रोजी कारनं खांद्याच्या दुखापतीमुळे निवृत्ती जाहीर केली. नव्या-जुन्याची शाई अजून ओली होती.

आजोबा दोन दिवस अंगणात दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी दिसले. डोक्यावर पिशवी नव्हती, संघाची टोपी होती. "हा शक पोरगा," ते म्हणाले, "स्वस्त आहे."

ऑगस्टमध्ये आम्ही परत निघालो. विमानतळावर चिरंजीवांनी मला बाजूला घेतलं. "बाबा, बँकवाले म्हणून खरं सांगा. हे खातं कधी सुधारेल?"

बायको ऐकत होती. तरी मी ३४ वर्षं खिडकीवर आलेल्या प्रत्येकाला दिलेलं उत्तर दिलं.

"अर्ज देऊन ठेव. मार्चमध्ये बघू."