छावणी हलली, दप्तर राहिलं

ग्वाल्हेरकराला ‘तात्पुरता मुक्काम’ म्हणजे काय हे समजावू नये. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैन सोडून किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली. ती काही उठली नाही. आज तिथे सराफा आहे, महाराज बाडा आहे आणि स्कूटर लावायला जागा नाही.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी २००८ नंतर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर तंबू ठोकले, तेही असेच. जागा फुकट, सोयी उत्तम. आपला कोड जगाला खुला आणि तो ज्या जमिनीवर ठेवला तिचा कोड मात्र बंद, हे फार थोड्यांना खटकलं. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती जमीन साडेसात अब्ज डॉलरला घेतली आणि बऱ्याच जणांना एकदम तत्त्वं आठवली.

खरं तर हा धडा आधी गिरवून झाला होता. लिनक्स कर्नलचं काम एका खासगी कंपनीच्या बिटकीपर या अवजारावर चालायचं. २००५ मध्ये कंपनीने फुकट परवाना काढून घेतला, म्हणून लिनक्सच्या कर्त्याने, तोरवाल्ड्सने, कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणारं गिट लिहिलं. म्हणजे ज्याचा जन्मच हकालपट्टीतून झाला, ते घेऊन मंडळी पुन्हा परक्याच्याच आवारात! गूगल कोड या तशाच दुसऱ्या आवाराला टाळं लागलं तेव्हा सामान गिटहबवर पाठवण्याचं बटण गूगलनेच दिलं होतं. लोकांनी ते कृतज्ञतेने दाबलं.

आता निघायचं म्हटलं, तर कोड हलवणं सगळ्यात सोपं. दोन आज्ञा दिल्या की चहा उकळेपर्यंत सगळा इतिहास नव्या जागी. अडतं ते दप्तर. दोष कोणी कळवला, दुरुस्ती का नाकारली, कोण कुणावर घसरलं, हे गिटमध्ये नसतंच. ते जमीनमालकाच्या कपाटात. ते उचलून आणणारी साधनं आहेत, पण नव्या जागी ज्याचं खातं नाही त्याचं बोलणं अनेकदा आणणाऱ्याच्याच नावावर चढतं. मग पाच वर्षांची भांडणं एकच माणूस स्वतःशी भांडत बसलेला दिसतो. झिग या प्रोग्रामिंग भाषेच्या मंडळींनी २०२५ च्या नोव्हेंबरात बर्लिनच्या कोडबर्ग या पर्यायी संकेतस्थळाची वाट धरली, तेव्हा शहाणपणा केला : जुनं दप्तर तिथेच ठेवलं आणि नव्या नोंदींचे क्रमांक ३०००० पासून सुरू केले.

आमच्या इथल्या अभियांत्रिकीच्या पोरांना हे सगळं पटतं. फक्त नोकरीच्या अर्जात गिटहबच्या दुव्यासाठी रकाना असतो, कोडबर्गसाठी नसतो. गिटहबवर रोजच्या कामाचे दिसणारे ते हिरवे चौकोन पाठीवर बांधून नेता येत नाहीत. तत्त्वांना कॅम्पस मुलाखतीत किती गुण, ते अजून कुणी जाहीर केलेलं नाही.

काहींनी मात्र स्वतःचीच जमीन घेतली : लिनक्स डेस्कटॉपच्या प्रकल्पांपैकी ग्नोमने २०१८ मध्ये आणि केडीईने २०२० मध्ये थेट स्वतःच्या सर्व्हरवर गिटहबसारखंच गिटलॅब बसवलं. मालक कोणी नाही, म्हणून रात्री सर्व्हर झोपला तर ओरडायलाही कोणी नाही. २०२५ मध्ये एआय कंपन्यांच्या बॉटांनी अशा स्वतंत्र संस्थानांवर धाड घातली. ग्नोमने दाराशी अनुबिस नावाचा पहारेकरी बसवला. तो येणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरला आधी एक गणित सोडवायला लावतो. ग्नोम आणि केडीई दोघांचीही एकेक प्रत गिटहबवर आहेच, वाचण्यापुरती.