बार्बेरियन वकील

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्या प्रत्येक टोळक्यात एक वकील असतो. पुण्यातल्या आमच्या टोळक्यातला पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे आठवडाभर लोकांची कामं अडवून तो पगार घेतो आणि शनिवारी तेच फुकट करतो. बाकीचे येताना वेफर्स आणतात, हा ‘प्लेअर्स हँडबुक’ आणतो. त्यात रंगीत चिठ्ठ्या इतक्या, की ते धड मिटतही नाही.

खेळात तो हाफ-ऑर्क बार्बेरियन आहे. परशू घेऊन फिरणारा, निरक्षर, रानटी. पण हा रानटी गडी दर वाक्याला पान क्रमांक सांगतो.

आमची डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारी, बिचारी जीव ओतून सांगते. गुहेतला काळोख, ठिबकणारं पाणी, लांबून येणारा साखळदंडांचा आवाज. आमच्या अंगावर काटा येऊ लागतो, तोच हा म्हणतो, “मला साठ फुटांपर्यंत अंधारात दिसतं. गुहा किती फूट आहे?” चाळीस फूट निघते. काटा बसतो.

एकदा तिने कड्यावरचा प्रसंग रंगवला. खलनायक दरीच्या टोकाशी, त्याने ताईत खाली भिरकावला, आता उडी म्हणजे मरण. “दरी किती खोल?” “अथांग!” “चालेल,” म्हणून याने पुस्तक उघडलं. पडण्याचा मार दर दहा फुटांना एक फासा, पण जास्तीत जास्त वीस फासे. सहाच्या हिशोबाने फार तर एकशेवीस. त्यात बार्बेरियन संतापलेला असला की आदळण्याचा मार निम्मा. “मी संतापतो,” तो थंडपणे म्हणाला आणि खाली उतरला. वर खलनायकाचं भाषण अजून चालूच होतं.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ काढला, तेव्हा तीन पातळ पुस्तिका होत्या आणि तुम्हाला रुचेल तसं बदलून घ्या, असं त्यांनीच लिहून ठेवलं होतं. हे ऐकवलं तर म्हणतो, “ती जुनी आवृत्ती. आपण २०१४ची खेळतो.” डीएमने २०१४च्या मार्गदर्शिकेत तेच दाखवलं. तो म्हणाला, “हे प्रस्तावनेत आहे. प्रस्तावना बंधनकारक नसते.”

एक मात्र मान्य करायला हवं, माणूस सचोटीचा. परवा ड्रॅगनच्या हल्ल्यात डीएमला दया आली. पडद्याआड फासा टाकून ती म्हणाली, “नेम चुकला.” “फासा दाखव,” हा म्हणाला. वीस पडले होते. मेला.

मेल्यापासून मिनिटभरात जिवंत करणारा मंत्र आमच्या धर्मगुरूकडे होता. त्याला लागणारा तीनशे मोहरांचा हिराही होता. आम्ही हुश्श करतोय, तोच मृताने विचारलं, “हिरा कितीला पडला होता?”

“दोनशे चाळीस. तूच घासाघीस केली होतीस.”

“मग तो दोनशे चाळीसचाच. मंत्र लागू नाही.”

“अरे, माझी हरकत नाही, उठ!” डीएम ओरडली.

“तुझ्या हरकतीचा प्रश्नच नाही,” मृत म्हणाला. बराच वेळ वाद झाला. मिनिटाची मुदत टळून गेल्याचंही शेवटी घड्याळ बघून त्यानेच सांगितलं.