खव्याला श्रेय, सुईला सूट

पैलवान भूमचा असो की कोल्हापूरचा, गदा जिंकली की बातमी ठरलेली: इतकं दूध, इतके बदाम, इतक्या जोर-बैठका. आमच्या भूम तालुक्यात वर खव्याचं श्रेय. वार्ताहर बदाम मोजतो. सुई मोजायची वेळ आली की त्याला चष्मा सापडत नाही.

तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेल्या नरसिंग यादवच्या चाचणीत २०१६ साली मेथँडिएनोन हे स्टेरॉइड निघालं. चॅनेलांनी लगेच मालिका काढली: कुणी कालवलं, कशात कालवलं? १ ऑगस्टला ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेनं निर्दोष सोडलं, तेव्हा गुलाल. १८ ऑगस्टला, ऑलिंपिकमधल्या लढतीच्या आदल्या दिवशी, रिओत क्रीडा लवादानं कटाची गोष्ट नाकारून चार वर्षांची बंदी घातली, तेव्हा सुतक. हे औषध यकृताचं काय करतं, हे सांगायला वेळच उरला नाही. जाहिराती होत्या ना.

मेफेन्टरमाइन हे तर शस्त्रक्रियेत घसरलेला रक्तदाब वर आणायचं इंजेक्शन. ते स्टेरॉइड नव्हे, उत्तेजक. जिममधली पोरं तेही टोचून घेतात. छापा पडला की चार ओळींची बातमी, आणि शेजारच्या रकान्यात तेल चोपडलेलं पोट: ‘सहा आठवड्यांत सिक्स पॅक, आजच फोन करा.’