तुळई कोणाची कुजली?

लालबाग-गिरगावच्या चाळींतली सागवानी तुळई पिढ्यान् पिढ्या गुमान भार वाहते. आजारी पडते ती नेमकी पोटमाळ्याच्या कामाचा ॲडव्हान्स दिल्याच्या दुसऱ्या दिवशी.

तोवर तिला साधी सर्दीही झालेली नसते.

पोटमाळा म्हणजे काय, ते आधी नियमालाच विचारू. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत लॉफ्ट म्हणजे सामान ठेवायची जागा, उंची जास्तीत जास्त दीड मीटर. प्रत्यक्षात तिथे थोरला मुलगा आणि सून राहतात. नियमभंग कसला? दोघांची नोंद सामानात केली की झालं.

तर ॲडव्हान्स पोचतो, छताच्या फळ्या उचकटल्या जातात आणि शिडीवरून कंत्राटदाराची हाक येते, “काका, जरा वर या. तुळई गेली.” चेहरा सुतकी. बिल मात्र थेट लग्नाचं.

पुरावा? तो पेचकस काढतो आणि भिंतीत शिरलेल्या टोकात खुपसतो. मुठीपर्यंत आत! काकाही काही कमी नाहीत. ते हातोडी घेऊन तुळईच्या मधोमध दणका देतात. आवाज ठणठणीत!

गंमत म्हणजे दोघंही बरोबर. मोरीचं पाणी भिंतीत मुरतं, तिथे वारा लागत नाही, म्हणून लाकूड आधी टोकाला कुजतं. मधला भाग पोलादी असला तरी तुळई टेकलेली असते टोकांवरच. टोक गेलं की मधल्या ठणठणाटाचं काय लोणचं घालायचंय? आता तेवढंच टोक कापून जोड द्यायचा की अख्खी तुळई बदलायची, हे ठरवायला स्ट्रक्चरल इंजिनीअर नावाचा प्राणी असतो. तो त्या शिडीवर चढलेलाच नसतो.

त्याची फी वाचवली ना!

मग निघतो खर्चाचा विषय आणि तुळईची तब्येत माणसागणिक बदलते. भाडेकरू म्हणतो, तुळई इमारतीची, म्हणजे मालकाची, आणि ती पार कुजली आहे. मालक म्हणतो, तुळई धडधाकट आहे, तुम्ही वर संसार चढवलात म्हणून जराशी वाकली. कंत्राटदार म्हणतो, पैसे कोणीही द्या, पण ती गेली.

कायदा मात्र भाडेकरूच्या बाजूने आहे हं! १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा सांगतो की दुरुस्ती मालकाची. त्याने हलगर्जी केली तर किमान पंधरा दिवसांची नोटीस द्या, दुरुस्ती स्वतः करा, खर्च भाड्यातून वळता करा. अट एवढीच, की एका वर्षात भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त वळता करायचा नाही. पागडीच्या खोलीचं भाडं महिना १०० रुपये धरा. वर्षाचे १,२००, चौथाई ३००. नव्या गर्डरचं काम ६०,००० ला पडलं, तर वसुली २०० वर्षांत चुकती.

पावती जपून ठेवा.

आणि ती कुजकी तुळई? ती रात्रीच टेम्पोत चढलेली असते. जुन्या बर्मा सागाला बाजारात भाव आहे; कुजलेली टोकं उडवली की उरलेलं लाकूड अव्वल. ‘निघालेला माल कोणाचा’ हे कंत्राटात कोणी लिहून घेतलं होतं? चाळीत मोडीत काढलेली तुळई मग एखाद्या कॅफेत ‘व्हिंटेज’ टेबल होऊन मिरवते. काकांना तिथली कॉफी परवडत नाही.

तिच्या जागी येतो लोखंडी गर्डर. तो जुन्या चुन्याच्या भिंतीवर नुसता टेकवायचा. खाली बेडब्लॉक नाही, प्लेट नाही, सगळा भार दोन विटांवर. विटांची युनियन नसते, म्हणून चालतं. कागदावर हे सगळं ‘टेनंटेबल रिपेअर’, म्हणजे गिलावा, रंग, लाद्या अशी किरकोळ कामं, ज्यांना पालिकेची परवानगी लागत नाही. गर्डरला रंग दिला होताच की! मग खोटं कसं म्हणणार?

वाद चाळभर पसरला की ऑडिट. मालकाचा ऑडिटर शेरा मारतो ‘सी-१’: रिकामी करा आणि पाडा. रहिवाशांचा ऑडिटर म्हणतो ‘सी-२बी’: राहा आणि दुरुस्त करा. इमारत तीच, तडे तेच, फक्त चेक वेगळ्या खात्यांचे. मग प्रकरण जातं पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे. निकाल येईपर्यंत वाळवीने काम थांबवावं, असा आदेश मात्र कोणी काढत नाही.

ज्यांना हे सगळं चाळीतलं भांडण वाटतं, त्यांच्यासाठी दोन तारखा. २७ सप्टेंबर २०१३, माझगावची बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. मालक पालिका, राहणारे पालिकेचेच कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. ६१ जणांचा मृत्यू. बोट दाखवलं गेलं तळमजल्यावरच्या गोदामातल्या फेरफारांकडे. २५ जुलै २०१७, घाटकोपरची सिद्धी साई ही इमारत कोसळली. १७ जणांचा मृत्यू. आरोप पुन्हा तळमजल्यावरच्या नूतनीकरणाचा, खांबांना हात लावल्याचा.

वर राहणाऱ्यांनी कुठल्या कंत्राटावर सही केली होती?

असो. आपल्या चाळीत एवढ्यात काही पडणार नाही, कारण तडजोड झाली आहे. जोड नको, गर्डर नको, तुळईखाली एक टेकू लावायचा. ‘तात्पुरता.’ मुंबईत तात्पुरता टेकू लागला की तो भाडेकरूच झाला म्हणायचा. फक्त एक अडचण आली. नुसता आपल्या खोलीत टेकू लावला, तर भार खालच्यांच्या छतावर जातो. म्हणून त्याच्या बरोब्बर खाली, खालच्या खोलीतही एक टेकू हवा. तो येतो त्यांच्या टीव्हीच्या पुढ्यात.

खालच्या काकांनी जागेचं भाडं मागितलंय. महिना शंभर नाही, बाजारभावाने.