आधी लगीन डेनालीचं

अलास्काचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला, तेव्हा आधी सगळी ताटं-वाट्या उचलाव्या लागल्या. या एका राज्यात साडेपाच महाराष्ट्र मावतात आणि माणसं साडेसात लाखांच्याही आत. १८६७ साली अमेरिकेने हा सगळा मुलूख रशियाकडून ७२ लाख डॉलरला, म्हणजे एकरी दोन सेंटला विकत घेतला. हे मी मोठ्याने वाचल्यावर बायको म्हणाली, “आणि आपण दोन खोल्यांचं कर्ज वीस वर्षं फेडलं.”

बेत चिरंजिवांचा. तो सिअ‍ॅटलला असतो. “बाबा, अर्धा प्रवास जहाजाने आणि अर्धा जमिनीवरून. तुम्ही फक्त एवढंच ठरवा, आधी जहाज की आधी जमीन?”

‘फक्त एवढंच’ हे शब्द निवृत्त सरकारी इंजिनिअरसमोर उच्चारू नयेत. मी रकाने आखले. जहाज आधी घेतलं, तर व्हँकुव्हरहून निघून केचिकन, जूनो, स्कॅगवे करत उत्तरेला सुअर्ड किंवा व्हिटियरला उतरायचं आणि तिथून रेल्वेने डेनाली, फेअरबँक्स. जमीन आधी घेतली, तर हाच मार्ग उलटा. मी दोन्ही बाजूंना गुण दिले. बरोबरी झाली. वरच्या मजल्यावरच्या काकांचं मत घेतलं. ते म्हणाले, आधी जमीन, मग जहाजावर थकवा काढायचा. काकू म्हणाल्या, आधी जहाज, मग थकायला हरकत नाही. केचिकनला वर्षाला दीडशे इंच पाऊस पडतो असं मी सांगताच दोघांचं एकमत झालं, की महाबळेश्वरला याहून जास्त पडतो आणि तिथे एसटी जाते.

तेवढ्यात मला एक साधी गोष्ट सुचली. “अरे, तू सिअ‍ॅटलला राहतोस. तुझ्या दारातूनच जहाजात बसायचं आणि थेट अलास्कात उतरायचं. हा व्हँकुव्हरचा वळसा कशाला?”

“नाही चालत बाबा. कायदा आहे.”

“कधीचा?”

“१८८६चा.”

त्या साली मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनससुद्धा अजून बांधून पुरं झालं नव्हतं. पण कायदा ठणठणीत आहे. अमेरिकेच्या एका बंदरात चढलेला उतारू परदेशी जहाजाने अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात नेऊन सोडायचा नाही. देशी जहाजांचा धंदा बुडू नये म्हणून ही सोय. आता या सफरीची मोठी जहाजं जवळजवळ सगळीच परदेशी झेंड्याखाली चालतात. म्हणून एकेरी सफरीला कॅनडातून चढा, नाहीतर कॅनडात उतरा. सिअ‍ॅटलहून निघून सिअ‍ॅटललाच परतणारं जहाजसुद्धा वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदराला शिवून येतं. म्हणजे अमेरिकेचा व्हिसा खिशात असूनही, अमेरिकेतून अमेरिकेत जाण्यासाठी भारतीय माणसाने कॅनडाचा व्हिसा काढायचा!

इथून पुढे आमच्या घरी अलास्का हा शब्द कुणी उच्चारेना. सगळं कॅनडामय झालं. अर्जात विचारलं होतं, कॅनडात येण्याचा हेतू काय? मुलाने ‘पर्यटन’ लिहायला सांगितलं. मला ‘१८८६’ एवढंच लिहायचं होतं. गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे गेलात, कोणकोणत्या नोकऱ्या केल्यात, सगळं भरून झालं. मग बोटांचे ठसे. आयुष्यभर टेंडरांवर सह्या करून माझी बोटं इतकी गुळगुळीत झाली आहेत, की यंत्र मला माणूस मानायला तयार होईना. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, जोरात दाबा.” मी दाबलं. “काका, इतकं जोरात नको.” बायकोचे ठसे पहिल्या झटक्यात उमटले. चाळीस वर्षं भांडी घासलेल्या हातांचे! तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

पुढे पासपोर्टही शिक्क्यासाठी गेले. इकडे जहाजाच्या खोल्या रोज महाग होत होत्या आणि मुलगा सिअ‍ॅटलहून अपरात्री भाव कळवत होता. एका फोनवर मी त्याच्यावर भडकलो. म्हटलं, मला तुला भेटायचं होतं रे, कॅनडाला नाही. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, “म्हणून तर जहाज घेतोय ना बाबा. इथे घरी आलात की मी कामावर. जहाजावर माझा फोनच चालणार नाही.” जहाजावर फोन चालतात, हे मी माहितीपत्रकात वाचलं होतं. त्याला बोललो नाही.

व्हिसा आले आणि बायकोने सामानाची यादी काढली. १८९७-९८च्या सोन्याच्या झुंबडीत स्कॅगवेवरून डोंगर चढून गेलेल्यांना कॅनडाचे घोडेस्वार पोलीस हद्दीवर अडवायचे. वर्षभराचा शिधा बरोबर असल्याशिवाय आत सोडायचे नाहीत. सरंजामासकट ते ओझं टनाच्या घरात जायचं. बायकोला कॅनडाबद्दल आदर वाटावा अशी ही पहिलीच गोष्ट. भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी आणि भडंग एवढ्यावर भागवायला ती नाइलाजाने तयार झाली.

मग खोलीचा प्रश्न. बाल्कनीची खोली घ्यावी की बिनखिडकीची? मी कुठेही झोपतो. माथेरानची गाडी, मुलाचा पदवीदान समारंभ, काकांचं अमेरिकावर्णन, सगळं मी झोपेत अनुभवलेलं आहे. वाटेतल्या ग्लेशियर बे या खाडीत दिवसाला दोनच मोठी जहाजं आत सोडतात. १७९४ साली खाडीच्या तोंडाशीच उभा असलेला बर्फ आता शंभर किलोमीटर मागे हटला आहे. इतका दुर्मीळ देखावा मी घोरत घालवणार, तर बाल्कनीचे पैसे कशाला? उलट फेअरबँक्सला जूनमध्ये जवळजवळ बावीस तास ऊन असतं, याचीच मला धास्ती.

राहता राहिला मूळ प्रश्न. माझ्या रकान्यांत अजून बरोबरीच होती.

“आधी जमीन,” बायको म्हणाली. “जहाजातलं बसूनही बघता येतं. गुडघे चालतायत तोवर चालायचं ते चालून घेऊ.”

रकाने मी मिटून ठेवले.

डेनाली शिखर वीस हजार तीनशे दहा फूट उंच. सरकारदरबारी ते २०२५पासून पुन्हा मॅकिन्ली झालं आहे, उद्यान मात्र डेनालीच. एवढा मोठा डोंगर, पण ढगांमुळे दहातल्या तिघांनाच दिसतो. उद्यानातला रस्ताही दरड सरकल्यामुळे २०२१मध्ये ४३व्या मैलाला बंद झाला, त्यामुळे बस तिथूनच मागे वळते. आम्ही तिकिटं काढली.

शेवटी मी अस्वलांविषयीच्या सूचना वाचून दाखवल्या. तपकिरी अस्वल अंगावर आलं तर पालथं पडून मेल्याचं सोंग घ्यायचं. काळं आलं तर सोंग चालत नाही, लढायचं.

“तुम्ही दोन्ही वेळेला झोपा,” बायको म्हणाली. “काळ्याचं मी बघते.”