समतेची पाळी

ऑगस्ट 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द केला आणि आपले परंपरावादी एका रात्रीत स्त्रीमुक्तीवाले झाले. पेढे वाटायचेच काय ते राहिले. सप्टेंबर 2018मध्ये त्याच न्यायालयाने केरळमधल्या शबरीमला मंदिराचं दार सगळ्या वयाच्या बायकांना उघडलं, तेव्हा मात्र श्रद्धेत कोर्टाची लुडबुड कशाला! तलाकच्या वेळी ‘सुधारणा आतूनच यावी’ म्हणत घसा खाकरणारे कित्येक उदारमतवादी आता समतेचा शंख फुंकू लागले. केरळच्या डाव्या सरकारने तर 1 जानेवारी 2019ला बायकांची 620 किलोमीटर लांब भिंत उभारली. मे महिन्यात लोकसभेच्या केरळमधल्या 20पैकी 19 जागा डावे हरले. नोव्हेंबरात पुण्याच्या कार्यकर्त्या तृप्ती देसाई शबरीमलाच्या दर्शनाला येते म्हणाल्या, तर त्याच सरकारच्या मंत्रीमहोदयांनी सुनावलं, आधी कोर्टाचा आदेश आणा.