सदरहू मिळकत स्टेशनपासून पाच मिनिटांवर

स्थावर मिळकतीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिण्याची आपल्याकडे फार जुनी वहिवाट आहे. पूर्वेस अमक्याचे वावर, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस ओढा आणि उत्तरेस तमक्याच्या हिश्शाची पडीक जमीन, असा मजकूर कारकून इतक्या निर्विकार लेखणीने उतरवीत असे की, वाचणाऱ्याच्या मनात त्या जमिनीविषयी लोभ उत्पन्न होण्याऐवजी तिची एकदा मोजणी करून घ्यावी एवढीच सद्बुद्धी उत्पन्न होई. तो बिचारा व्यवसायदृष्ट्या किती अडाणी होता, हे मोबाइलच्या पडद्यावर अष्टौप्रहर भरलेला घरांचा बाजार पाहिला म्हणजे ध्यानात येते. येथे पूर्वेस नियोजित मेट्रो आहे, पश्चिमेस आंतरराष्ट्रीय दर्जाची शाळा आहे, दक्षिणेस मॉल आणि उत्तरेस डोळे निववणारी हिरवाई आहे, आणि ही चारही स्थाने, रेल्वे स्टेशनासह, पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत. ही पाच मिनिटे कोणत्या वाहनाने व कोणत्या प्रहरी मोजावयाची याचा खुलासा नसतो. परंतु पहाटे तीन वाजता मोकळ्या रस्त्याने रुग्णवाहिकेतून निघालेल्या गृहस्थास तो हिशेब अगदीच असत्य म्हणता येणार नाही.

नियोजित गोष्टींचे माहात्म्य तर काही औरच. नवी मुंबईच्या विमानतळाचे भूमिपूजन 2018 साली झाले आणि उद्घाटनास 2025 चा ऑक्टोबर उजाडला. पण उलवे-पनवेलच्या सदनिकांच्या जाहिरातींतून विमाने त्याच्या कितीतरी आधीपासून उड्डाण करीत होती. आता खरीखुरी विमाने उडू लागल्यामुळे त्या सदनिकांचा एक मोठा गुण नाहीसा झाला आहे, तो असा की, नियोजित विमानतळाचा आवाज येत नाही.

ज्या कंपनीने 2005 साली ‘99एकर्स’ हे घरांच्या जाहिरातींचे संकेतस्थळ काढले, तीच ‘नोकरी’ आणि ‘जीवनसाथी’ ही संकेतस्थळेही चालवते. घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे म्हणणाऱ्या समाजाच्या दोन्ही कसोट्या, आणि त्या पार पाडण्यास लागणारा पगार, अशी सर्व व्यवस्था एकाच छत्राखाली लागावी, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. वधूवरसूचक मंडळाच्या वहीतील भाषा घरांच्या जाहिरातीत ज्या सहजतेने नांदू लागली तिचे रहस्य कदाचित यातच असावे. जिला त्या वहीत निमगोरी म्हणत, तिची या दालनातील सख्खी बहीण म्हणजे सेमी-फर्निश्ड. वराचे वय विचारताच संभाषण ज्या चपळाईने त्याच्या स्वभावाकडे वळत असे, त्याच चपळाईने इमारतीचे वय विचारताच ते शेजाराच्या सुसंस्कृतपणाकडे वळते. आणि ‘देण्याघेण्याचे बैठकीत बोलू’ या शालीन वाक्याचा वारसा ‘किंमत संपर्कानंतर’ या तितक्याच शालीन वाक्याने चालविला आहे. छायाचित्रांविषयी काय बोलावे? रुंद भिंगात शिरलेली दहा बाय दहाची खोली बाहेर पडते ती दरबार भरविण्याच्या लायकीची होऊनच. आणि इमारत अद्याप पायातच असेल, तर चित्रात तिच्या अंगणात गौरवर्णी परदेशी कुटुंबे पोहत असतात व खाली, मुंगीसही चष्मा लागावा अशा अक्षरांत, ही कलाकाराची कल्पना असल्याचा कबुलीजबाब असतो.

या व्यवसायात नव्याने उतरणाऱ्या होतकरू मंडळींचा मात्र एक मूलभूत गैरसमज असतो, आणि तो दूर करणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. संकेतस्थळावर घरे विकली जातात असे त्यांस वाटते. वस्तुतः घर पाहणाऱ्याकडून तेथे सहसा दमडीही घेत नाहीत. पैसे मोजतो तो जाहिरात देणारा, आणि जो अधिक मोजतो त्याचे घर यादीत वर सरकते, मग ते घर जमिनीवर कोठेही असो. या पैशांच्या मोबदल्यात त्याच्या हाती पडते ते गिऱ्हाइकाचे नाव आणि त्याचा दूरध्वनी क्रमांक. मालकाचा क्रमांक पाहण्यासाठी उत्सुक सद्गृहस्थाने कळ दाबली की प्रथम त्याचाच क्रमांक रवाना होतो, आणि चहाचा पेला रिकामा होण्यापूर्वी त्यास इतके फोन येतात की, आपण घर शोधत आहोत की हरवलेला वारस म्हणून सापडलो आहोत, असा त्याला संभ्रम पडावा. तात्पर्य, माल म्हणजे घर शोधणारा मनुष्य होय. घर हे केवळ गळाला लावावयाचे आमिष.

हे एकदा उमगले म्हणजे पुढील मार्ग सुलभ आहे. उत्तम आमिष तेच, जे कधी संपत नाही. आणि कधीही न संपणारे घर म्हणजे मुळातच नसलेले घर. त्यास गळती नाही, सोसायटीची थकबाकी नाही, मालकाच्या भावाभावांत दावा नाही. कोथरूडात मोक्याच्या जागी, खेळती हवा, चोवीस तास पाणी, आणि भाडे शेजारच्या घरांपेक्षा चार-पाच हजारांनी कमी, एवढे लिहून जाहिरात सोडून द्यावी आणि फोन येताच स्वर किंचित शोकाकुल करून म्हणावे, “अरेरे साहेब, तो फ्लॅट काल संध्याकाळीच गेला हो! पण तस्साच वारज्याला आहे, दाखवू का?” हे घर रोज काल संध्याकाळीच जाते आणि रोज सकाळी परत येते.

दलालांचे उच्चाटन करण्याच्या प्रतिज्ञा काही कमी झाल्या नाहीत. मुंबईच्या आयआयटीतल्या तरुणांनी 2012 साली ‘हाउसिंग’ हे संकेतस्थळ उभारले. 2014 साली निघालेल्या बंगळुरातल्या ‘नोब्रोकर’ने तर ती प्रतिज्ञा नावातच गोंदवून घेतली. दलाली नको, त्याऐवजी ठरावीक शुल्काची योजना घ्या, असा हा सौम्य तोडगा होता. यावर दलालांनी धीर सोडला नाही. ते मालक झाले. ‘थेट मालकाकडून’ अशा शीर्षकाखाली एकाच मालकाच्या नावे वाकडपासून वाघोलीपर्यंत डझनभर सदनिका आढळल्या, तर वाचकाने त्याच्या कर्तबगार पूर्वजांस मनोमन वंदन करावे आणि अधिक चौकशी करू नये. अविवाहितांस आणि मांसाहारी कुटुंबांस नकार देण्याची कामगिरीही, जी पूर्वी घरमालकिणीला जिन्यात उभे राहून जातीने पार पाडावी लागे, ती आता एका चौकटीत खूण करून निर्वेधपणे उरकते.

सरकारनेही स्वस्थ न बसता 2016 चा स्थावर संपदा कायदा केला, 1 मे 2017 पासून महारेरा या नियामक प्राधिकरणाचा अंमल बसविला आणि भिंतींच्या आतले, चटईने झाकता येईल एवढेच क्षेत्र विकण्याचा हिशेब धरावा असे सांगितले. त्यामुळे जिन्याचा व लिफ्टचा वाटा गिऱ्हाइकाच्या माथी मारण्याची जुनी कला आता चोरून जोपासावी लागते. दलालांस नोंदणी, आणि पुढे प्रशिक्षण व परीक्षाही आली. तीत छायाचित्रणाचा पेपर असता तर निकाल शंभर टक्के लागला असता. 1 ऑगस्ट 2023 पासून नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले. तो छापला गेला, परंतु कोठे आणि केवढा, यात व्यवसायाने आपली प्रतिभा दाखविल्यामुळे, 2025 साली महारेरास पुन्हा फर्मान काढावे लागले की, नोंदणी क्रमांक, संकेतस्थळ व कोड हे जाहिरातीच्या उजव्या हाताच्या वरच्या भागातच, आणि ठळक असावेत; कसूर केल्यास 50,000 रुपयांपर्यंत दंड. तेव्हापासून ती जागा व्यावसायिकांनी मोठ्या राजनिष्ठेने सरकारच्या हवाली केली आहे. जाहिरातीला कोपरे चार असतात आणि फर्मान एकाचेच आहे.